मोबाईललाही हवं आवर्तन!

रविवारी संध्याकाळी खडकवासल्याच्या धरणाकाठी उभं राहिलं की एक गंमत दिसते. सिंहगडावर पिठलं-भाकरी खाऊन उतरलेली कुटुंबं पाणी बघायला म्हणून थांबतात. पहिली दोन मिनिटं पाणी बघतात, मग पाण्याकडे पाठ करून फोटो काढतात आणि लगेच सगळ्यांच्या माना खाली! मुलं गेममध्ये, बाबा बातम्यांमध्ये, आणि आई घरच्या ग्रुपवर टाकलेल्या फोटोला कोण कोण 'छान' म्हणालं ते बघण्यात. एवढा मोठा जलाशय समोर पसरलेला, पण त्याच्याकडे बघायला कुणाला सवड नाही.

हसू येतं खरं. पण हे काही खडकवासल्यापुरतं नाही. घरोघरी मातीच्या चुली म्हणायचो, आता घरोघरी काचेच्या पाट्या!

मैत्रिणींनो, घाबरू नका. मोबाईल वाईट, तो टाकून द्या, असा उपदेश इथं करायचा नाही. परगावच्या लेकीचा चेहरा रोज दाखवणारं, घरबसल्या गॅस नोंदवून देणारं यंत्र टाकून कसं चालेल? पण गृहिणींच्या तोंडी दोन तक्रारी हमखास असतात. एक, 'शिवण शिकायचंय, इंग्रजी शिकायचंय, पण वेळच मिळत नाही हो!' आणि दुसरी, 'पुष्कळ व्हिडिओ बघितले, पण मेलं जमतच नाही.' या दोन्ही तक्रारींचं मूळ एकाच ठिकाणी आहे. आपण बघतो फार आणि करतो थोडं. तेवढं उलटं केलं तर वेळही निघतो आणि विद्याही येते. कसं ते पाहू.

न संपणारं मासिक

हातातलं साप्ताहिक वाचता वाचता शेवटचं पान येतं. मालिका कितीही रंगलेली असो, 'क्रमशः' आलं की पुढच्या अंकाची वाट बघावी लागते. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हाही रात्री कार्यक्रम संपले की पडदा बंद व्हायचा. बाई उठून दूध विरजायला जायची. करमणुकीला शेवट होता, म्हणून उठणं सोपं होतं.

मोबाईलला शेवटचं पानच नाही. बोट वर सरकवलं की खालून नवीन काही येतंच. ही युक्ती २००६ साली अझा रास्किन नावाच्या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं काढली. लोकांची पुढच्या पानावर जाण्याची कटकट वाचावी, एवढाच त्याचा हेतू होता. पण पान संपलं की माणूस क्षणभर थांबतो आणि 'आता पुरे' म्हणतो, तो क्षणच या युक्तीनं पळवला. पुढं रास्किननं स्वतःच याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली.

त्यात भर नोटिफिकेशनची. टुंग वाजलं की हात जातो. दहा वेळा निरर्थक निघतं, अकराव्यांदा भाचीच्या बारशाचं निमंत्रण असतं. कधी काय निघेल याचा नेम नाही, म्हणूनच हात पुनःपुन्हा जातो. तेव्हा 'मलाच मेलीला संयम नाही' असं म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. समोरचं यंत्रच तसं बनवलेलं आहे. मनोनिग्रहाच्या गोष्टी करण्यापेक्षा घरातली व्यवस्था बदलावी, ते जास्त सोपं.

सात वाजता भोंगा

अशी व्यवस्था एका अख्ख्या गावानं करून दाखवली आहे. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. करोनाच्या काळात मुलांच्या हाती शाळेच्या निमित्तानं मोबाईल आले आणि शाळा उघडल्या तरी ते सुटेनात. अभ्यास मागं पडला, घरात बोलणं कमी झालं. तेव्हा २०२२ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकारानं गावानं ठरवलं की रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल. तो वाजला की घरातला टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा भोंगा वाजेल, मग ज्याला हवं त्यानं लावावं.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे या ठरावाची चर्चा आधी गावातल्या बायकांच्या सभेत झाली. सुरुवातीला काही जण हसले, काहींनी नाकं मुरडली. मग आशा कार्यकर्त्या, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर फिरले, समजावून सांगितलं. हळूहळू त्या दीड तासात मुलं वह्या-पुस्तकं घेऊन बसू लागली आणि मोठ्यांच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्या.

वडगावच्या भोंग्यातून आपल्याला दोन गोष्टी घेता येतात. पहिली, बंदी दिवसभराची नाही, दीड तासाचीच आहे. म्हणून ती पाळता येते. दुसरी, ती सगळ्यांना सारखी आहे. आईनं मुलाच्या हातातून मोबाईल हिसकावायचा आणि स्वतः मात्र स्वयंपाकघरात रील बघायच्या, हे मुलांना बरोब्बर कळतं. तसंच सूनबाईनं मोबाईल ठेवायचा आणि 'ह्यांनी' सोफ्यावर पाय पसरून तो बघायचा, असंही चालायचं नाही. भोंगा वाजला तर सगळ्यांसाठी!

आपल्या घराला देवळावरचा भोंगा नसेना का. दिवेलागणीची वेळ आहे, कुकरची तिसरी शिट्टी आहे. जी वेळ घरात रोज न चुकता येते तिलाच भोंगा माना.

धरणाची शिकवण

आता पुन्हा खडकवासल्याकडे येऊ. धरणाखालच्या शेतीला कालव्यातून पाणी मिळतं, पण कालवा वर्षभर मोकळा सोडत नाहीत. रब्बीचं आवर्तन, उन्हाळी आवर्तन, असं पाणी सोडण्याचं वेळापत्रक ठरतं. दारं कायमची उघडी टाकली तर धरण रिकामं, आणि कायमची बंद ठेवली तर पिकं वाळणार. म्हणून शेतकरी आवर्तनाची वाट बघतो आणि पाणी आलं की ते नेमकं आपल्या वाफ्यात घेतो.

मोबाईललाही असंच आवर्तन लावावं. दिवसातून दोन पाळ्या ठरवा. दुपारी मागचं आवरल्यावर अर्धा तास आणि रात्री जेवणं झाल्यावर अर्धा तास, असं काहीतरी. ग्रुप, रील, बातम्या, शुभेच्छा, सगळं त्या पाळीत. मधल्या वेळात फोन आला तर जरूर घ्यावा, माणसांशी बोलणं तोडायचं नाही. बंद करायचं ते उगाच डोकावणं.

त्यासाठी घरात चार साध्या सोयी कराव्या.

फोनला ठरलेली जागा द्या. चपलांची जागा ठरलेली असते, किल्ल्यांचा खिळा ठरलेला असतो, मग मोबाईल मात्र ओट्यावर, उशाशी, देवापुढं, कुठंही कसा? बाहेरच्या खोलीतलं एखादं फडताळ त्याला द्या. चार्जरही तिथंच लावा. उठून जावं लागलं की निम्म्या वेळा आपण जात नाही.

रात्री फोन झोपायच्या खोलीबाहेर ठेवा. पहाटे गजरासाठी लागतो म्हणाल, तर गजराचं जुनं घड्याळ काढा किंवा नवं आणा. घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल तर फोनची घंटी मोठी ठेवून तो दाराशी ठेवावा.

अनावश्यक टुंगटुंग बंद करा. सेटिंग्जमध्ये जाऊन प्रत्येक ॲपचं नोटिफिकेशन बंद करता येतं. दुकानांच्या जाहिराती, खेळ, व्हिडिओ यांचं सरळ बंद. मोठ्या ग्रुपांना 'म्यूट' करावं. सासरच्या ग्रुपला म्यूट केलं तर कुणालाही कळत नाही, ही खात्री बाळगा!

आणि फोन उचलताना काम मोठ्यानं बोला. 'लाईट बिल भरायला घेतलाय.' काम झालं की फोन परत फडताळात. हे ऐकायला पोरकट वाटतं, पण करून बघा. बिल भरायला घेतलेला फोन तासाभरानं शेजारच्या गावच्या लग्नाच्या व्हिडिओवर कसा पोचतो, ते आपोआप ध्यानात येईल.

किती वेळ जातो ते बघायचं असेल तर फोनमध्येच हिशेब असतो. 'डिजिटल वेलबीइंग' किंवा 'स्क्रीन टाइम' अशा नावाचा भाग सेटिंग्जमध्ये बघा. आठवड्यातून एकदा किराणाच्या वहीत तो आकडा लिहून ठेवा. वाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या बाईला वेळेचा हिशेब जड नाही.

पाहिलं म्हणजे आलं?

असा तासभर वाचवला. आता त्यात शिकायचं कसं?

बहुतेक जणी इथंच फसतात. कटोरी ब्लाऊजचे व्हिडिओ बघतात. एक बघतात, दुसरा बघतात, पाचवा बघतात. शिकवणारी बाई इतकी सहज कात्री चालवते की वाटतं, एवढंच ना! आणि स्वतः कापड पुढ्यात घेतलं की मुंढ्याचा गोल कुठून काढायचा तेच कळत नाही.

शिकागो विद्यापीठातल्या कार्डास आणि ओब्रायन या दोन संशोधकांनी २०१८ साली नेमका याचाच अभ्यास प्रसिद्ध केला. भिंतीवरच्या लक्ष्यावर छोटे बाण फेकण्याचा व्हिडिओ त्यांनी काही जणांना एकदा दाखवला, काहींना वीस वेळा. वीस वेळा पाहिलेल्यांना आपला नेम चांगला लागेल असा जास्त भरवसा वाटत होता. प्रत्यक्ष बाण हाती दिले तेव्हा त्यांचा नेम एकदाच पाहिलेल्यांपेक्षा काही चांगला लागला नाही. पाहून वाढला तो नुसता भरवसा! बघताना आपल्याला हाताची हालचाल दिसते. कापड किती ओढायचं, बोटाला किती जोर द्यायचा, ते दिसत नाही. ते हातालाच कळतं.

खडकवासल्यातच याची दोन उत्तम उदाहरणं आहेत.

एक आहे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आपली एनडीए. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींना तिच्या प्रवेशपरीक्षेला बसता आलं. २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी आत गेली आणि ३० मे २०२५ रोजी १७ मुली तीन वर्षांचं शिक्षण पुरं करून दीक्षान्त संचलनात मुलांच्या बरोबरीनं चालल्या. तिथलं शिक्षण कवायतीचं, पोहण्याचं, घोडेस्वारीचं. घोडा काही व्हिडिओ बघून आवरता येत नाही. रोज थोडं, ठरल्या वेळी, चुकत, पडत, पुन्हा चढत, असंच ते शिकावं लागतं.

दुसरी आहे १९१६ साली स्थापन झालेली, पाण्याचा अभ्यास करणारी संस्था, केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र. धरण, बंदर किंवा नदीवरचं मोठं काम उभं करण्यापूर्वी तिथं त्याची लहान प्रतिकृती बांधून तीत पाणी सोडतात. पाणी कुठं आदळतं, कुठं गाळ साचतो, ते बघतात. चुका त्या छोट्या प्रतिकृतीत होऊन जाऊ देतात, म्हणजे कोट्यवधींच्या कामात होत नाहीत. आपणही तेच करावं. नव्या रेशमी खणाला एकदम कात्री लावू नये. आधी वर्तमानपत्राच्या कागदावर कटिंग, मग जुन्या साडीच्या तुकड्यावर, मग स्वस्तातल्या कापडावर. तिथं काय चुकायचं ते चुकून घ्यावं.

लक्षात राहावं म्हणून

दुसरं दुखणं विसरण्याचं. 'काल कळलं होतं, आज आठवत नाही.' यात वयाचा दोष थोडा आणि पद्धतीचा जास्त. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञानं अर्थ नसलेली अक्षरं स्वतःच पाठ करून, किती वेळानं किती विसरतो याचा हिशेब ठेवला आणि १८८५ साली तो प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की पाठ केलेल्यातलं पुष्कळसं पहिल्या दिवसभरातच निसटतं. पण थोडे थोडे दिवस मध्ये सोडून उजळणी केली तर ते टिकतं. एका दिवशी चार तास बसण्यापेक्षा चार दिवस तासभर बसणं फायद्याचं, ते यामुळे.

उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं किंवा पुन्हा व्हिडिओ बघणं नव्हे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणारे पुढं! मेंदूला थोडं खणायला लावलं की ते पक्कं बसतं.

म्हणून शिकायची रीत अशी ठेवावी. एकच शिक्षिका निवडावी आणि तिचा एकच छोटा पाठ घ्यावा. समजा, आज फक्त बाही. व्हिडिओ एकदा सबंध बघावा. मग फोन फडताळात ठेवून, न बघता, कागदावर बाही कापून बघावी. अडेल तिथं अडू द्यावं. अडलेली जागा वहीत आपल्या शब्दांत लिहावी आणि तेवढ्यापुरताच व्हिडिओ पुन्हा लावावा. दुसऱ्या दिवशी नवा पाठ घेण्याआधी कालची बाही आठवून कापावी. मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं. आणि जमली की शेजारणीला शिकवावी. दुसऱ्याला सांगताना आपलं कुठं कच्चं आहे ते चटकन कळतं.

इंग्रजीचं, हार्मोनियमचं, संगणकाचंही हेच. रोज अर्धा तास पुरे. थेंबे थेंबे तळे साचे!

'आता या वयात?'

हे वाक्य तोंडावर आलं की ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यातलं फांगणे गाव आठवावं. तिथं ८ मार्च २०१६ रोजी, महिलादिनी, जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकारानं 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारी गणवेशात, खांद्याला दप्तर लावून दुपारच्या वेळी शाळेत जाऊन बसू लागल्या. जन्मभर अंगठा उठवलेल्या हातांनी आपलं नाव पाटीवर गिरवलं. शेतीची, घरची कामं आटोपून, घरी नातवंडांकडून उजळणी करून घेत त्या शिकल्या. आपण तर लिहितो-वाचतो. आपल्याला 'वय झालं' म्हणायला तोंड कुठं आहे?

आधी काय शिकावं?

ज्याची हौस असेल ते शिकावं. पण त्याच्या जोडीनं एक गोष्ट प्रत्येकीनं शिकावी, ती म्हणजे आपला पैसा आपल्या हातांनी हाताळणं. पुष्कळ घरांत करमणूक बाईच्या मोबाईलवर असते आणि व्यवहार पुरुषाच्या. लाईट बिल, विमा, बँक, सगळं 'हे' बघतात. मग एके दिवशी 'हे' दवाखान्यात असतात, बिल भरायचं असतं, आणि खातं कुठल्या बँकेत, विम्याचे कागद कुठं, काही ठाऊक नसतं. अभद्र बोलावं असं नाही. पण ज्या बाईनं वीस वर्षं संसार पेलला तिला त्या वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघावं लागू नये.

तेव्हा आपलं खातं, आपला फोन नंबर, आपलं यूपीआय. पहिल्यांदा घरातल्याच माणसाला दहा रुपये पाठवून बघा. ते झालं की भाजीवाल्याला द्या, मग लाईट बिल भरा. महिनाभर घरचं एक बिल तुमच्याच हातून जाऊ द्या. मुलाला सांगा, 'तू करून देऊ नकोस, शेजारी बस आणि मला करू दे.'

दोन नियम मात्र पाटीवर गिरवून ठेवावे. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. तो फक्त द्यायला लागतो. आणि 'डिजिटल अरेस्ट' नावाची कुठलीही अटक कायद्यात नाही. पोलीस किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत, पैसे मागत नाहीत. असा फोन आला तर बंद करून घरच्यांना सांगावं. फसवणूक झालीच तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावं. लाजून गप्प बसू नये. जितकं लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

हे भामटे सगळं घाईवर चालवतात. 'आत्ता, लगेच, फोन ठेवू नका!' टुंग वाजलं की लगेच हात न नेण्याची सवय जिला झाली, ती इथंही क्षणभर थांबते. आणि तो क्षण तिची पुंजी वाचवतो.

आठ दिवस करून बघा

पहिला दिवस : फोनची जागा ठरवा, नको ती नोटिफिकेशनं बंद करा.
दुसरा दिवस : घरच्यांशी बोलून आपल्या घराचा 'भोंगा' ठरवा. सुरुवातीला अर्धाच तास.
तिसरा दिवस : शिकायची एकच गोष्ट निवडा, नवी वही घाला.
चौथा दिवस : छोटा पाठ बघा, फोन ठेवा, हातानं करा.
पाचवा दिवस : काहीही न बघता कालचं आठवून करा.
सहावा दिवस : पुढचा छोटा पाठ.
सातवा दिवस : एक व्यवहार स्वतःच्या फोनवरून करा.
आठवा दिवस : वेळेचा हिशेब वहीत लिहा आणि जे आलं ते कुणाला तरी शिकवा.

एखादा दिवस पाहुण्यांत जाईल, एखादा मुलांच्या तापात. जाऊ द्यावा. व्रत मोडलं म्हणून उद्यापन करायची गरज नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा वही उघडावी. आणि कुणी विचारलंच, 'काय गं, हल्ली ग्रुपवर दिसत नाहीस?' तर खुशाल सांगावं, 'अगं, वेळच मिळत नाही. शिकतेय ना!'